धूर कोणाच्या नावावर लिहायचा?



गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने राजुऱ्याला जाण्याचा योग आला. नोकरीची पहिली अकरा वर्षे मी चंद्रपूर जिल्ह्यात काढली. पुढे आंतरजिल्हा बदली होऊन माझ्या मूळ कोल्हापूर जिल्ह्यात आलो. त्यामुळे राजुऱ्याकडची जुनी ओळखीची मंडळी मांडवात भेटली. त्यांतच एक कापूस पिकविणारे वयोवृद्ध शेतकरी होते. मी त्यांना भाऊ म्हणत असे. रामराम झाला, पाणी झाले, आणि भाऊंनी एकदम प्रश्न टाकला.

"साहेब, राख आमच्या कापसावर बसते अन् वीज जाते पुण्या-मुंबईले. आता नातू म्हणते, टीव्हीवर सांगतात का चंद्रपूर लय धूर सोडते. मंग हा धूर कोणाच्या नावावर लिहाचा? आमच्या, का त्यायच्या?"

मांडवातल्या गडबडीत मला धड उत्तर देता आले नाही. परतीच्या प्रवासात मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. हा प्रश्न एकट्या राजुऱ्याचा नाही. ज्या गावाजवळ कारखाना आहे, ज्या गावात उद्या येणार आहे आणि ज्या घरातला मुलगा कारखान्यात नोकरी शोधतो आहे, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे. म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो.

आधी धुराची ओळख

औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमणीतून काय काय बाहेर पडते, ते प्रथम पाहू. पहिली वस्तू राख. तिचा बराच मोठा भाग यंत्राने अडवितात. जो सुटतो तो पिकावर, छपरावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. दुसरी वस्तू गंधकाचा वायू. तो घशाला झोंबतो. तिसरी वस्तू कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू. त्याला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांना दिसतच नाही. बसक्या, रुंद तोंडाच्या मनोऱ्यांवर जो पांढरा ढग दिसतो, तो पुष्कळांना धूर वाटतो. पण ती नुसती पाण्याची वाफ असते. म्हणजे जे दिसते त्याची आपण चर्चा करतो, आणि वजनाने जे सर्वांत जास्त असते ते दिसतच नाही!

कर्बवायूची ओळख आपल्या जुन्या माणसांना होती. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवे होती, ती तुम्ही ऐकून असाल. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. कोंडलेल्या पेवातला प्राणवायू संपून त्याच्या जागी कर्बवायू भरलेला असतो. आधी दिवा सोडून पाहायचे. दिवा विझला तर माणसाने थांबायचे. तोच हा वायू.

मोकळ्या हवेत तो थोडासा असतो, आणि तसा असायलाच हवा, कारण पिके त्याच्यावरच वाढतात. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० हून अधिक आहे. पृथ्वीच्या अंगावरची ही गोधडी जाड होत चालली आहे, आणि त्यामुळे दिवसाची उष्णता रात्री नीट बाहेर पडत नाही. ऋतूंचे जुने ठोकताळे चुकू लागले आहेत, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आता एक साधा हिशेब लक्षात ठेवा. १२ किलो निव्वळ कार्बन जळाला की तो हवेतला ३२ किलो प्राणवायू ओढून घेतो आणि ४४ किलो कर्बवायू तयार होतो. म्हणजे पावणेचार पटीला थोडे कमी. म्हणून जळणापेक्षा धूर वजनाला भारी पडतो.

जिल्ह्यालाही पीकपद्धती असते

एखाद्या गावाला वर्षाला किती पाणी लागते, हे कशावर ठरते? केवळ एकरांवर नाही. शेजारशेजारच्या दोन गावांत सारखीच जमीन असली, पण एकाने ज्वारी-हरभरा केला आणि दुसऱ्याने सगळा ऊस लावला, तर दुसऱ्या गावाला कितीतरी पट पाणी लागेल. त्यात दुसऱ्या गावाचे लोक उधळे आणि पहिल्या गावाचे काटकसरी असे काही नसते. फरक पिकाचा असतो.

म्हणून मी गावात गेलो की तीन गोष्टी विचारतो. पीक कोणते? पाणी कुठले? पाणी द्यायची रीत कोणती, पाटाने की ठिबकने?

जिल्ह्याच्या कर्बवायूचेही नेमके तसेच आहे. तीनच गोष्टी विचाराव्यात. उद्योग कोणता? तो जाळतो काय? आणि एक टन माल काढायला किती जाळतो? कारखान्यांची नुसती संख्या मोजून काही कळत नाही. शंभर शिलाई कारखाने मिळून जेवढा कर्बवायू सोडणार नाहीत, तेवढा एक सिमेंट कारखाना सोडतो. अर्थशास्त्राची माणसे याला उद्योगरचना म्हणतात. तुम्ही-आम्ही तिला जिल्ह्याची पीकपद्धती म्हणू.

मला दोन जिल्हे जवळून माहीत आहेत. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती आणि कोल्हापूरची सुमारे ३९ लाख. माणसे कोल्हापुरात जास्त, लहान-मोठे कारखानेही पुष्कळ. तरी मोठ्या चिमण्या आहेत चंद्रपुरात. असे का?

चंद्रपूर : जमिनीच्या पोटातला उद्योग

जशी जमीन तसे पीक. चंद्रपूरच्या जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे आणि जमिनीवर बांबूचे जंगल आहे. कोळशामुळे औष्णिक वीज केंद्र आले. चुनखडीमुळे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घूस या भागांत सिमेंटचे कारखाने आले. बांबूमुळे बल्लारपूरला कागदाचा कारखाना उभा राहिला. यांतला एकही उद्योग कोणाच्या हट्टाने तिथे गेलेला नाही. आपल्याकडच्या कोळशात राखेचेच प्रमाण ३० ते ४० टक्के असते. एवढी राख आगगाडीने मुंबईपर्यंत वाहून न्यायची, त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच कोळसा जाळावा आणि वीज तारेने न्यावी, हे स्वस्त पडते.

चंद्रपूरच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. याचा अर्थ काय? सगळे संच पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला २९ लाख युनिटे वीज तयार होते. एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो आणि त्यातून जवळजवळ एक किलो कर्बवायू निघतो. म्हणजे पूर्ण भार असेल तेव्हा तासाला सुमारे २,९०० टन कर्बवायू. दहा टनी मालमोटारी लावल्या तर २९० मोटारींचे ओझे, आणि तेही दर तासाला!

हा कोळसा म्हणजे सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचे झाड-झाडोरे. त्या काळच्या झाडांनी हवेतून जो कर्बवायू घेतला, तो जमिनीत गाडला गेला. ते एक अतिशय जुने पेव आहे. कोट्यवधी वर्षे ते बंद होते. आपण ते उघडले आणि त्यातले धान्य जाळून वीज केली. वीज वापरून संपली. वायू मात्र हवेत उरला, आणि त्याचा काही भाग शेकडो वर्षे तिथेच राहणार आहे.

सिमेंटची गोष्ट वेगळी

सिमेंट कारखान्यात कोळसा जळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. समजा, उद्या ती भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालविली, एक किलोसुद्धा कोळसा जाळला नाही, तरी सिमेंट कारखाना कर्बवायू सोडतच राहील. कारण तो वायू दगडातच आहे.

ज्यांनी जुनी चुन्याची भट्टी पाहिली असेल त्यांना आठवेल, भट्टीत घातलेला दगड भाजून बाहेर निघाला की हातात हलका लागे. ते वजन कुठे जाते? १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू उडून जातो. सिमेंटच्या भट्टीत हेच होते. सिमेंटच्या एकूण कर्बवायूत निम्म्याहून अधिक वाटा या दगडाचा असतो, कोळशाचा नव्हे.

म्हणून उद्योग कोणता हा प्रश्न इंधनाच्या प्रश्नाहूनही आधी येतो. काही पिकांना कितीही ठिबक केले तरी काही पाणी लागतेच. तसे काही उद्योगांना कितीही सुधारले तरी काही धूर असतोच.

पण इथेही एक वाट आहे. वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये मिसळता येते. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. जेवढी राख, तेवढी भाजलेली चुनखडी कमी. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल झाला. घरातल्या गोठ्याचे शेण आणि परसातली भाजी यांचे जसे नाते, तसेच हे. घर बांधताना तुम्ही घेतलेल्या सिमेंटच्या पोत्यावर पीपीसी असे लिहिलेले असेल, तर बहुधा त्यात अशीच एखाद्या वीज केंद्राची राख आहे.

कोल्हापूर : वरच्या वर फिरणारा धूर

आता पंचगंगेच्या काठी या. माझे लहानपण करवीर तालुक्यात गुऱ्हाळावर गेले. चरकातून ऊस निघाला की चिपाड उन्हात टाकायचे, वाळले की तेच चुलवाणात घालायचे. रस उसाचा आणि रस आटवायला जळणही उसाचेच. बाहेरून लाकूड-कोळसा विकत आणणारा गुऱ्हाळवाला तोट्यात जाई.

साखर कारखाना म्हणजे हेच गुऱ्हाळ, फक्त प्रचंड. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून हीच रीत आहे. एक टन उसातून कोल्हापूर भागात साधारण ११० ते १२० किलो साखरेचा माल असतो आणि २८० ते ३०० किलो ओले चिपाड निघते. पूर्वीचे बॉयलर हलक्या दाबाचे. चिपाड कसे तरी जाळून संपविणे एवढाच हेतू असे. आता जास्त दाबाचे बॉयलर बसविलेले कारखाने त्याच चिपाडातून स्वतःची गरज भागवून उरलेली वीज महावितरणला विकतात.

चिपाड जळतानाही कर्बवायू निघतोच. मग कोळशात आणि त्यात फरक काय? फरक पेवाचा आणि कणगीचा आहे. चिपाडातला कार्बन उसाने गेल्या बारा-अठरा महिन्यांत याच हवेतून घेतलेला असतो. तो हवेत परत गेला आणि पुढच्या उसाने पुन्हा ओढून घेतला. घेतलेले उसने परत केले, एवढेच झाले. हवेतली शिल्लक वाढत नाही. कोळसा जाळणे म्हणजे पेवातला जुना साठा दर वर्षी वर आणून ओतणे.

पण म्हणून कोल्हापूरकरांनी फार मिशीला पीळ देऊ नये. उसाला नदीवरून पाणी उचलायला वीज लागते, आणि ती पुष्कळशी कोळशाचीच असते. उसाला युरियाची पोती लागतात. गाळप हंगाम संपला की चिपाडही संपते, आणि काही ठिकाणी मग बॉयलरमध्ये कोळसा पडतो. पाण्याचा हिशेब तर आणखी निराळा. शिरोळकडच्या खारावलेल्या जमिनी तो सांगतीलच.

वही कोणाची?

आता भाऊंच्या प्रश्नाकडे वळू.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर भागांत लोखंड ओतायचे कारखाने आहेत. पूर्वी तिथे क्युपोला भट्ट्या होत्या. कोक जळायचा, काळा धूर निघायचा, वस्तीतली माणसे तक्रार करायची. हळूहळू पुष्कळांनी विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली. धूर गेला, सगळे स्वच्छ झाले. चांगले झाले, कामगारांची छाती वाचली.

पण कर्बवायूचा हिशेब मांडून पाहा. एक टन लोखंड वितळवायला क्युपोलात सव्वाशे ते दीडशे किलो कोक लागे. त्याचा कर्बवायू सुमारे चारशे ते साडेचारशे किलो. इंडक्शन भट्टीला टनामागे सुमारे सहाशे युनिटे वीज लागते. ही सगळी वीज कोळशाची धरली तर कर्बवायू सहाशे किलो. चिमणी शिरोलीतून गेली, पण ती नाहीशी झाली नाही. ती दूर वीज केंद्राच्या गावी जाऊन उभी राहिली. कोल्हापूरच्या वहीत धूर कमी दिसू लागला आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या वहीत तेवढाच, किंवा जास्तच, वाढला.

एकट्या कोल्हापूरने असे केले आहे असे नाही. पुण्यात मोटारी होतात, संगणकाची कामे होतात. तिथे मोठी चिमणी दिसत नाही. पण मोटारीचे पोलाद कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या झोतभट्टीतून आलेले असते, इमारतीचे सिमेंट गडचांदूरसारख्या गावातून आलेले असते आणि दिव्याची वीज बव्हंशी कोळशातून आलेली असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची खास वीजवाहिनी टाकली गेली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट. तेव्हा वीज कुठे जाते, असे भाऊ विचारतात, ते काही उगीच नाही. तिचा रस्ता खांबांवर टांगलेला सर्वांना दिसतो.

देशादेशांतही हेच चालते. इंग्लंड ही कोळशाच्या कारखानदारीची जन्मभूमी. तिथले शेवटचे कोळशाचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. त्यांनी वाऱ्याची वीज उभी केली, नैसर्गिक वायू वापरला, हे त्यांचे खरे कर्तृत्व. पण त्याच काळात अनेक जड कारखाने तिथून उठले आणि तो माल परदेशातून येऊ लागला. तेवढा धूर दुसऱ्याच्या अंगणात गेला.

म्हणून धुराच्या दोन वह्या ठेवाव्या लागतात. एक जिथे जळते त्या जागेची, दुसरी जो वापरतो त्याची. पहिल्या वहीवरून दुरुस्ती कुठे करायची ते कळते. दुसऱ्या वहीवरून दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा ते कळते. एकच वही दाखवून कोणी तुम्हाला दोषी ठरवीत असेल, तर दुसरी वही मागा.

माझी एक चूक

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भाऊंची काही जमीन त्या काळी एका खाणीत गेली. थोरल्या मुलाला नोकरी लागली, काही रक्कम हातात आली. चार एकर शिल्लक राहिली होती. त्यांनी मला विचारले, "साहेब, या पैशातून उरलेल्या वावरात विहीर खोदू का?" मी तरुण होतो. मी म्हणालो, "भाऊ, आता खाणीची नोकरी पक्की. शेतीत कशाला पैसा घालता? घर बांधा." त्यांनी घर बांधले.

आज थोरला मुलगा निवृत्तीला आला आहे. ती नोकरी नातवाला वारसाहक्काने मिळणार नाही. उरलेले चार एकर अजून कोरडवाहूच आहेत. कृषी खात्याच्या माणसाने शेतकऱ्याला शेतीवरून लक्ष काढायला सांगावे, याचे मला आजही वाईट वाटते. मी खाणीला जमिनीसारखे समजलो. जमीन पिढ्यान्‌पिढ्या राहते. खाणीला आणि वीज संचाला वय असते. चंद्रपूर केंद्राचे २१० मेगावॅटचे सुरुवातीचे दोन संच आता कायमचे बंद झाले आहेत. १९८३ चा संच म्हणजे एका माणसाच्या नोकरीएवढे आयुष्य. बापाची नोकरी त्यात निघते, मुलाची निघेलच असे नाही.

आणि आता काळही पालटतो आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत कर्बवायूचा जमाखर्च शून्यावर आणण्याचे जाहीर केले. युरोपीय देशांनी बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत अशा मालावर त्याच्या कर्बवायूचा हिशेब मागायला २०२३ पासून सुरुवात केली असून २०२६ पासून त्याचे पैसे लागू केले आहेत. कोळसा उद्या लगेच बंद होईल असे मुळीच नाही. देशातल्या चार युनिटांपैकी जवळजवळ तीन युनिटे आजही कोळशाचीच आहेत. पण ज्या जिल्ह्याची सगळी पीकपद्धती कोळशावर उभी आहे, त्याने दुसरे पीक आजच पेरून ठेवले पाहिजे. पहिले पीक वाळल्यावर पेरणी करून उपयोग नाही.

जर्मनीच्या रुर खोऱ्याचे उदाहरण घ्या. तिथे दीडशेहून अधिक वर्षे कोळसा आणि पोलाद हेच जीवन होते. शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. पण बोखुम गावी विद्यापीठ सुरू झाले होते १९६५ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक आधी. तरीही तिथे बेकारी आलीच, एका खाणीच्या जागी आलेला मोटार कारखानाही पुढे बंद पडला. मात्र माणसे एकदम उघड्यावर पडली नाहीत, कारण तयारी आधीपासून होती.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

तुमच्या गावी कारखाना, खाण किंवा प्रकल्प येणार असेल, तर नुसते "किती नोकऱ्या देणार?" एवढेच विचारून खाली बसू नका. पुढील प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

१. हा कारखाना काय जाळणार? कोळसा, वायू, चिपाड की वीज? वीज असेल तर ती कुठली?

२. एक टन माल काढायला किती जळण आणि किती पाणी लागणार?

३. राख किंवा इतर टाकाऊ माल कुठे जाणार? तो वापरणारा दुसरा उद्योग जवळ आहे काय?

४. माल कोण वापरणार आणि नफ्यातला किती भाग या गावात खर्च होणार?

५. कारखान्याचे आयुष्य किती वर्षे? तो बंद झाल्यावर जमिनीचे काय आणि कामगारांचे काय?

पाचव्या प्रश्नावर अधिकारी थोडे घुटमळतील. तरी तो सोडू नका. मी तो वेळेवर विचारला नव्हता.

आपल्या बांधावरची वही

दुसऱ्याला वही मागताना आपली वहीही उघडी असावी. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिटे खातो. आठ तास चालला तर बत्तीस युनिटे. कोळशाच्या विजेवर सुमारे बत्तीस किलो कर्बवायू. पाटाने सोडलेले पाणी निम्मे वाया गेले तर त्यातला निम्मा धूर फुकटचा. जादा टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. तो किलोला किलो धरला तर कर्बवायूच्या पावणेतीनशे पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून माती तपासून, हप्ते पाडून युरिया द्या. पोत्याचे पैसे वाचतील आणि गोधडीचा एक धागा कमी होईल. उसाचे पाचट पेटवू नका; सरीत आच्छादन म्हणून ठेवा.

सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून राज्यात आहे. पडीक माळावर सूर्याची वीज तयार करून ती शेतीपंपांना दिवसा द्यायची, असा तिचा हेतू. रात्री-अपरात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या वाटेत साप, विंचू, बिबट्या असतात, हे घरच्या बाईला विचारा. दिवसाची वीज आली तर तिची झोप परत येईल, आणि कोळशाच्या वहीतला आकडाही थोडा उतरेल. गावात मोकळी जमीन असेल तर ग्रामपंचायतीत या योजनेची चौकशी अवश्य करा.

शेवटी भाऊंना

लग्नाहून परतल्यावर मी भाऊंना पत्र लिहिले. त्यातला मजकूर असा होता :

"भाऊ, धूर दोन नावांवर लिहा. जळते चंद्रपुरात, म्हणून एक नाव चंद्रपूरचे. दिवा पेटतो पुण्या-मुंबईत आणि माझ्या कोल्हापुरातही, म्हणून दुसरे नाव आमचे. पहिल्या नावाने राख अडवून घ्या, जुने संच सुधारून घ्या. दुसऱ्या नावाने तुमच्या जिल्ह्यात नवी शाळा, नवे उद्योग, नवे सिंचन यांसाठी हक्काने पैसा मागा. ती भीक नव्हे, येणे आहे.

नातवाला आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम घ्यायला सांगा. वीज कोळशाची असो की सूर्याची, तार जोडणारा लागतोच. आणि चार एकरांत विहिरीचे तेवढे पाहा. या वेळी मी 'नको' म्हणणार नाही. येत्या दिवाळीनंतर रजा काढून येतो, जागा आपण दोघे मिळून पाहू."

भाऊंचे उत्तर आले, नातवाच्या अक्षरात : "साहेब, या. पाण्याची जागा मी हेरून ठेवली आहे."